तेरा अंड्यांवरचा प्रबंध

आईच्या पोटात मूल वाढतं तेव्हा त्याच्या मेंदूतला कुठला तंतू कुठं जायचा, हे सटवाई पाचवीच्या दिवशी येऊन लिहीत नाही. पाचवीपर्यंत मोठमोठ्या तारा ओढून झालेल्या असतात. बाईंना यायला उशीर होतो.

हे वाक्य माझं. एका पत्रकात छापलं होतं, ठळक टायपात. त्या वेळी अंधश्रद्धेविरुद्ध आम्ही चार-पाच पोरंपोरी जुन्नर ते मंचर दिसेल त्या भिंतीवर पोस्टर चिकटवत आणि दिसेल त्या माणसाच्या हातात पत्रक कोंबत हिंडायचो. घोडेगावच्या बाजारात भेंडीच्या ढिगामागं बसलेल्या एका बाईनं ते पत्रक आपल्या पोराकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि मला हाक मारली.

"ओ ताई, सटवाई लिहीत नाय. बरं. मंग कोण लिहितं? तू?"

आजूबाजूचे सगळे हसले. "विज्ञान!" असं काहीतरी ओरडून मी पुढं सटकले. विज्ञान लिहितं म्हणजे काय, हे त्या बाईनं विचारलं नाही हे माझं नशीब. नशीब हा शब्द आमच्या गटात चालत नसे, पण त्या दिवशी तोच लागू होता.

मग मी पुण्यात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला गेले आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी नेमका तोच प्रश्न पदरात आला. आमच्या मॅडम पेशींच्या चिकटपणावर काम करायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक लांबट रेघ काढली आणि तिच्या टोकाला पंजा काढला.

"ही वाढणारी मज्जापेशी. टोकाला हा हात. हा हात चाचपत पुढं जातो. त्याला डोळे नाहीत, नकाशा नाही. त्याच्या अंगावर काही रेणू असतात, शेजारच्या पेशींच्या अंगावर काही रेणू असतात, आणि पेशींच्या मधल्या जागेतही काही पसरलेले असतात. जमले तर पकड बसते. पकड बसली की हात स्वतःला पुढं ओढतो. नाही जमले तर मागं फिरतो, दुसरीकडं चाचपतो."

"आणि पोचतो?"

"बहुतेक वेळा."

मी वहीत लिहिलं: कुणी लिहीत नाही. चाचपत जातो. मनातल्या मनात भेंडीवालीला उत्तर दिलं आणि फार बरं वाटलं.

ही सगळी माहिती मराठीत एका ओळीनंही मिळत नव्हती, याचा मला भयंकर राग होता. अजून आहे. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात घडून गेलेली गोष्ट, आणि ती वाचायला परकी भाषा लागते! मी मॅडमना तसं म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "आधी प्रबंध लिही. मग रागव."

प्रयोग साधा होता. कोंबडीच्या अंड्यात आठ ते बारा दिवसांचा गर्भ असतो, त्याच्या पाठीच्या कण्याजवळून मज्जापेशींचे बारके गड्डे काढायचे. एक गड्डा साध्या काचेवर ठेवायचा आणि दुसरा चिकट प्रथिनाचा पट्टा ओढलेल्या काचेवर. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, तंतू कुठं फुटतात आणि कुठल्या वाटेनं जातात. बस.

पण तारीख जवळ आली होती. प्रबंध जमा करायला जेमतेम महिना उरला होता आणि मी निम्मा वेळ एका मोर्च्याच्या तयारीत घालवला होता. तारीख चुकली तर वर्ष गेलं. आणि ते वर्ष माझं नव्हतं, हे खरं दुखणं. माझी धाकटी बहीण बारावी होऊन दारात उभी होती. पुण्याला शिकायला ठेवायची ती एका वेळी एकच, असा घरचा ठराव. मी बाहेर पडले तर ती आत जाणार. मी अडकले तर ती शिनोलीच्या रस्त्यावर एसटीची वाट बघत बसणार, आणि आमच्याकडं नुसतं बसलेल्या मुलीला फार दिवस बसू देत नाहीत.

त्यातच प्रयोगशाळेला अंडी पुरवणाऱ्या माणसानं येणं बंद केलं. मी छाती पुढं काढून म्हणाले, "मॅडम, मी आंबेगावची आहे. आमच्याकडं अंड्यांना काय तोटा!"

मंचरजवळ माझ्या चुलतभावाची पोल्ट्री होती. तिथून दोन ट्रे उचलले, पुण्याला नेले, उबवण्याच्या पेटीत ठेवले. आठ दिवस रोज सकाळी पेटीला नमस्कार तेवढा केला नाही. नवव्या दिवशी पहिलं अंडं फोडलं. पिवळा बलक. दुसरं, पिवळा बलक. सातव्या अंड्याला असा वास सुटला की शेजारच्या खोलीतला वनस्पतिशास्त्राचा वर्ग सुटला.

मी रडकुंडीला येऊन गावी गेले. शिनोलीला माझी मावशी राहायची. तिच्या अंगणात टोपलीखाली एक काळी कोंबडी खुडूक बसली होती, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून. मावशीनं माझी हकिकत नीट ऐकली, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि विचारलं, "त्या पोल्ट्रीत कोंबडा बगितला का कंदी?"

मी टोपलीतल्या कोंबडीकडं पाहिलं.

"सगळ्या बायाच हायेत तिथं. अंडी घालत्यात, पर पिल्लू कुठनं येईल? चवदा वर्सं शाळा शिकली तू."

"सतरा," मी म्हणाले.

"मंग तर लईच झालं."

माणसाला शरीरविज्ञान सांगत गावोगाव हिंडणारी मी, बाजारातल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही हे विसरले होते. हे मी आजवर कुठल्याच पत्रकात छापलेलं नाही. इथं छापते.

टोपलीखाली तेरा अंडी होती. प्रत्येकावर कोळशानं फुली, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं नंतर घातलेलं ताजं अंडं त्यात मिसळलं तर कळावं. बसवून सातवा दिवस चालू होता. मावशीनं खोलीत अंधार करून बॅटरीवर एकेक अंडं धरून दाखवलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका. तेराच्या तेरा भरलेली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"मावशे, उद्या मला पाच दे."

"पाच नाय."

"बरं, तीन."

"तीन नाय. दोन ने, नायतर चार ने."

"का गं?"

"तेरातनं तीन गेली तर दहा ऱ्हात्यात. जोडीच्या आकड्यावर कोंबडी बसवत नाय. अंडी नासत्यात."

आता माझी पंचाईत बघा. विषम आकडा शुभ आणि सम अशुभ, या खुळचटपणाविरुद्ध मी स्वतः शिनोलीच्या चावडीवर भाषण दिलेलं. मी तोंड उघडलंच. "मावशे, आकड्याचा आणि अंड्याचा काय संबंध? सिद्ध करून दाखव!"

"मला कशाला सिद्ध करायचंय? कोंबडी माजी, टोपली माजी. अंडी तुला पायजेत."

वादात इतकं सरळ मला कुणी कधी पाडलं नव्हतं. मी दोन घेतली. धाकट्या बहिणीचं वर्ष त्या टोपलीखाली होतं, तत्त्वाला तिथं जागा नव्हती.

पिठाच्या डब्यात भाताचा कोंडा, त्यात अंडी, शेजारी गरम पाण्याची बाटली, वर जुना स्वेटर. असा डबा मांडीवर घेऊन मी सकाळच्या एसटीत बसले. घोडेगाव सुटल्यावर कंडक्टर आला.

"ताई, डब्यात काय हाय? पोटाशी धरलाय जसा."

"मेंदू."

"कुणाचा?"

"कोंबडीचा."

त्यानं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, तिकीट फाडलं. "तरीच. मला वाटलं लाडूबिडू असत्याल."

प्रयोगशाळेत अंडी सुखरूप पोचली. आतले जीव थांबवणं जड गेलं, ते लपवत नाही. मावशीला मी आधीच विचारलं होतं, वाईट वाटतं का. ती म्हणाली, "आखाडीला कोंबडं कापतो तवा इचारती का तू? आन् दोन तुकडं जास्त घेती." तरी पहिलं अंडं मी दोनदा खाली ठेवलं. गड्डे काढले. आता काचेवर चिकट प्रथिनाचा पट्टा द्यायचा. मॅडमनी प्रमाण लिहून दिलं होतं: अगदी पातळ, आणि नंतर दोनदा धुवायचं.

इथं माझ्यातली कार्यकर्ती जागी झाली. मी आयुष्यात पोस्टर चिकटवण्यापलीकडं कशालाही काही चिकटवलेलं नव्हतं. मैद्याची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं, आणि भिंतीवर हाताएवढा थर द्यायचा. पातळ लावलं तर पोस्टर पहाटेपर्यंत गटारात. हा माझा अनुभव, पक्का. त्यात चिकटपणामुळं तंतू वाढतो हे मला पाठ झालेलं. मग जास्त चिकट म्हणजे जास्त वाढ, यात शंका कसली? मी दसपट दाट लेप दिला. धुतला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. साध्या काचेवरच्या पेशी कशालाच न धरता गोळा होऊन तरंगत होत्या. ते अपेक्षितच होतं. दाट लेपावरच्या पेशी मात्र चपट्या होऊन बसल्या होत्या. हात चारी बाजूंनी पसरलेले, आणि पुढं पाऊल नाही.

"तू यांना भिंतीवर चिकटवलंस की काय?" मॅडम म्हणाल्या.

मी खरं ते सांगितलं. खळ, मोरचूद, गटार, सगळं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "अगं, काळ्या रानात पावसाळ्यात चालली आहेस ना? चिखलात चप्पल रुतली की काय होतं?"

"पाय निघतो, चप्पल राहते."

"आणि शेवाळलेल्या खडकावर?"

"आपटतो."

"मग? धरता यायला हवं आणि सोडताही यायला हवं. गर्भात नेमकं हेच सांभाळलं जातं. असे काही चिकट रेणू आहेत की वाढीच्या दिवसांत त्यांच्या अंगावर साखरेची लांब शेपटी असते, त्यामुळं पकड सैल राहते. तंतू मुक्कामाला पोचत आले की शेपटी कमी होते, पकड घट्ट होते. चळवळीत काय करता ते मला माहीत नाही. पेशीत घट्ट धरून ठेवणं म्हणजे वाढ नव्हे."

चळवळीवरचा टोमणा मी गिळला. पचायला काही वर्षं लागली.

कोंबडी बसवल्याच्या दहाव्या दिवशी पुन्हा शिनोली, पुन्हा दोन अंडी. टोपलीखाली नऊ उरली. या खेपेला मी लेपाचं प्रमाण तळहातावर पेनानं लिहून ठेवलं होतं. पण मंचरला एसटीत गर्दी घुसली. मी चहावाल्याकडून गरम पाण्याची बाटली भरून घ्यायला खिडकीतून हात बाहेर काढला, तेवढ्यात शेजारच्या सीटवर बसणाऱ्या काकांनी आपली कांद्याची गोणी डोक्यावरून उतरवली ती थेट माझ्या मांडीवरच्या डब्यावर. कर्रर्र असा आवाज झाला.

"अहो! तो मेंदू होता!" मी किंचाळले.

अख्खी एसटी माझ्याकडं बघायला लागली. काकांनी गोणी उचलली, डब्यात डोकावले. कोंड्यात बलक मुरत होता.

"अंडी व्हय? पोरी, केवढ्यानं भिवडवलं. मला वाटलं, माज्याच डोक्याला काय झालं." मग जरा वेळानं, मी खरंच रडतेय हे पाहून त्यांनी गोणीत हात घालून चार कांदे काढले आणि माझ्या ओंजळीत ठेवले. "आमलेट तरी कर."

मी मंचरलाच उतरले आणि त्याच पावली मागं फिरले.

बहीण मावशीकडंच आली होती. मला दारात पाहून तिनं डब्याकडं पाहिलं आणि आत चहा ठेवायला गेली. तिनं आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. आरडाओरड्याला उत्तर द्यायला मी तरबेज होते.

त्या दिवशी मी नवीन अंडी नेली नाहीत. पुण्यात पोचेस्तोवर मॅडम निघून गेल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा बंद. बाराव्या दिवसाची खेप ही शेवटची. त्यापुढं गर्भ फार मोठा होतो, पेशी नीट उगवत नाहीत. मी अंगणात बसून टोपलीकडं बघत राहिले. मावशी शेजारी येऊन बसली.

"येवढं काय बगायचंय तुला त्या कोंबडीच्या मेंदूत?"

मी सांगायला लागले. सांगता सांगता मला भीमाशंकरची जत्रा आठवली. महाशिवरात्रीला मावशी गावातल्या बाया घेऊन जायची. पुढं वाट माहीत असलेली एक बाई, तिचा पदर दुसरीनं धरायचा, दुसरीचा तिसरीनं. अशी माळ गर्दीतून सरकायची. मी म्हणाले, "मज्जातंतूही असेच जातात. पहिला चाचपत वाट काढतो. मागून येणारे त्याच्याच अंगाला धरून जातात. धरायला त्यांच्या अंगावर ठरावीक रेणू असतात, परक्या गावच्या बाईचा पदर ते धरत नाहीत."

"आन् पयलीच चुकली तर?"

"तर मागच्या काही चुकतात."

"आमची एकदा गेली व्हती की पार पार्किंगला," मावशी म्हणाली. "सतरा बाया. म्हाद्याचं दर्शन ऱ्हायलं, टेम्पोचं झालं." आणि स्वतःच खो खो हसली. मग उठता उठता बोलली, "परवा चार ने. दोन फुटली तरी दोन ऱ्हात्याल."

"तीन पुरेत गं. तुझी पिल्लं कमी होतील."

"तीन नाय."

"हो, हो. तीन नाय."

बाराव्या दिवशी चार अंडी निघाली. बहीण डबा धरायला सोबत आली. मंचरला तिनं दोन्ही कोपर बाहेर काढून अशी बैठक मारली की कांदेवालेच काय, कंडक्टरही लांबून तिकीट देऊन गेला. चारही अंडी पोचली. लेप पातळ दिला. दोनदा धुतला. दोन अंड्यांचे गड्डे साध्या काचेवर, उरलेल्या दोन अंड्यांचे पट्ट्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहिलं. पट्ट्यावरच्या गड्ड्यातून तंतू निघाले होते, केसाहून बारीक, आणि प्रत्येकाच्या टोकाला तो पंजा. बोटं फाकवलेली. मी तासभर डोळा हलवला नाही. एक पंजा पट्ट्याच्या कडेला आला, कोऱ्या काचेवर एक बोट टाकलं, मागं घेतलं. दुसरं टाकलं, मागं घेतलं. आणि वळला. पट्ट्याच्या आतून, कडेकडेनं पुढं गेला. साध्या काचेवर त्या मानानं शुकशुकाट होता.

मी बहिणीला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्याला सांगतंय कोण वळायला?"

"कुणी नाही," मी म्हणाले. पहिल्यांदाच ते वाक्य मला घोषणेसारखं वाटलं नाही.

प्रबंध शेवटच्या दिवशी, बाइंडिंगचा डिंक ओला असताना जमा झाला. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक ज्येष्ठ सर आले होते. त्यांनी पानं उलटली आणि कौतुकानं म्हणाले, "दर वेळी जोडी. एकाच कोंबडीची, एकाच दिवशीची अंडी, निम्मी साध्या काचेला, निम्मी लेपाला. ही मांडणी कुणाला सुचली? बरेच विद्यार्थी इथंच घसरतात."

मॅडम माझ्याकडं अभिमानानं बघत होत्या. नुसतं "मला" म्हटलं की काम झालं असतं. बाहेर बाकावर बहीण बसली होती. मी तोंड उघडलं आणि त्यातून मावशी बाहेर पडली. तेरा अंडी, विषम आकडा, तीन नाय, सगळंच. शेवटी ठणकावून सांगितलं, "सर, ती अंधश्रद्धा आहे. तिला काडीचाही आधार नाही. आणि मांडणी तिच्यामुळंच झाली."

मॅडमनी कपाळाला हात लावला.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आमची आई अकरा ठेवायची," ते म्हणाले. "आता मला सांगा, पहिल्या खेपेला वाढ का झाली नाही? इथं नुसतं 'लेपाचे प्रमाण अयोग्य' लिहिलंय."

मग मी खळीपासून सुरुवात केली. धरणं, सोडणं, चिखलातली चप्पल, साखरेची शेपटी. पुस्तकातलं जे काही तोपर्यंत घोकलं होतं ते माझ्या चुकीभोवती आपोआप येऊन बसलं. सरांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "मोरचूद कशाला?"

"कीड लागू नये म्हणून."

"काचेला नाही ना लावलंत?"

"नाही सर."

"मग ठीक आहे. या."

श्रेणी मधली मिळाली, वर्ष मात्र वाचलं. मावशीकडच्या पाच अंड्यांतून चार पिल्लं निघाली. पाचवं नासलं, आणि याचा आकड्याशी संबंध नाही हे मी तिला सांगायला गेले तेव्हा ती म्हणाली, "मी कुठं काय म्हनलं?"

जूनमध्ये मी वसतिगृहाची खोली रिकामी केली. बहीण ट्रंक घेऊन आली, तेव्हा माझ्या पत्रकांचा गठ्ठा अजून कॉटखालीच होता. तिनं तो पायानं बाजूला सरकवला, ट्रंक आत ढकलली आणि म्हणाली, "आक्का, हे तुझं सामान तेवढं घेऊन जा. मला जागा लागंल."